पेटीतली जुनी चित्रकार्डे : ओळखायची कशी, प्रत ठरवायची कशी

नांदगाव (ता. कणकवली) : चतुर्थी जवळ आली की घरोघरी माळ्यावरचे सामान खाली उतरते. रंगकाम, झाडलोट, कौलांची डागडुजी आणि त्यातच कोपऱ्यातली पत्र्याची गंजकी पेटी. पेटीत जमिनीचे कागद, आजोबांचा चष्मा, मनीऑर्डरच्या पावत्या आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात मधूनच एखादे चित्राचे कार्ड निघते. व्हिक्टोरिया टर्मिनस, एडन बंदर, नाही तर रविवर्म्याची लक्ष्मी. घरातले कोणी तरी म्हणते, "ह्यां काय कामाचा? चुलीत घाल." दुसरा मोबाईल काढतो आणि 'जुनी कार्डे लाखात विका' असा व्हिडिओ शोधायला लागतो.

दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यात कार्ड जाते, दुसऱ्यात पैसे जातात. म्हणून अशी कार्डे म्हणजे काय, किती जुनी ते कसे कळते, त्यांची प्रत कशी ठरते आणि ती टिकवायची कशी, याची ही माहिती. पेटी उघडण्याआधी वाचली तर जास्त उपयोग.

साधे कार्ड आणि चित्राचे कार्ड

पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा निघाले ते १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून सरकारी पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. एका पैशात मुंबईहून मालवणला खबर पोचायला लागली. गिरणीत आणि गोदीत गेलेल्या माणसांच्या घरांना याचा किती आधार झाला असेल ते वेगळे सांगायला नको. ते कार्ड पिवळसर, एका कोपऱ्यात राणीचे किंवा राजाचे तिकीट छापलेले, चित्र नसलेले. पेट्यांतून सर्वात जास्त सापडतात ती हीच.

चित्राचे कार्ड म्हणजे पिक्चर पोस्टकार्ड वेगळे. ते पोस्ट खाते छापत नसे, खासगी छापखाने आणि फोटोग्राफर छापत. एका बाजूला चित्र किंवा फोटो, दुसऱ्या बाजूला पत्ता, तिकीट वरून चिकटवायचे. हिंदुस्थानात ही कार्डे १८९० नंतरच्या दशकात, त्या शतकाच्या अगदी शेवटी दिसू लागली आणि पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांचे मोठे पेव फुटले. जुन्या कार्डाचे माप साधारण साडेतीन इंच बाय साडेपाच इंच. हातात आलेले कार्ड सहा इंच लांब आणि चकचकीत रंगीत असेल तर ते बहुधा अलीकडचे, १९७० च्या पुढचे समजावे.

अशी कार्डे जमवणाऱ्यांच्या छंदाला इंग्रजीत डेल्टिऑलॉजी असे भारी नाव आहे. बाजारात मात्र सगळे 'पिक्चर पोस्टकार्ड' किंवा नुसते 'पीपीसी' म्हणतात.

आपल्या पेटीत कोणती सापडतात

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मुंबई, बेळगाव, गोवा येथली जुनी चित्रकार्डे छापली इथली असली तरी विकत घेणारा बहुतेक इंग्रज साहेब, सोल्जर नाही तर बोटीवरचा प्रवासी असे. तो ती विलायतेला पाठवी. त्यामुळे 'मुंबई किनाऱ्या'ची जुनी कार्डे आज इथल्यापेक्षा इंग्लंडच्या बाजारात जास्त निघतात.

कोकणातल्या पेटीतला माल उलटा आहे. इथे सापडतात ती कोकणाचे चित्र असलेली कार्डे नव्हेत, कोकणात आलेली कार्डे. मुंबईहून चाकरमान्याने पाठवलेली. बोटीवर कामाला असलेल्याने एडन, पोर्ट सैद येथून टाकलेली. रंगून, कराची, मोंबासा, झांजिबारहून आलेली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. त्यामुळे बसऱ्याचे कार्ड सिंधुदुर्गातल्या घरात निघाले तर त्यात नवल नाही.

म्हणजेच चित्राइतकीच, खरे तर चित्रापेक्षा जास्त, मागची बाजू महत्त्वाची. एडनच्या बंदराचे एक चित्र हजारो लोकांनी विकत घेतले असेल. पण एडनहून देवगड पेट्यात एका आईला आलेले, मोडीत लिहिलेले, त्या तारखेचा शिक्का असलेले कार्ड एकच असते.

त्या काळी टपाल येण्याची वाटही लक्षात ठेवावी. उघड्या हंगामात मुंबईहून आगबोट मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला लागे. पावसाळ्यात बंदरे बंद, मग टपाल घाटातून उतरे. आजचा निपाणी-फोंडाघाट-देवगड रस्ता नांदगाव तिठ्यावर महामार्गाला छेदतो, तशा घाटवाटांनी ही थैली खाली येत असे. जुन्या कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, एक निघाल्याचा आणि एक पोचल्याचा. दोन्ही तारखा वाचता आल्या तर कार्डाला किती दिवस लागले ते कळते. श्रावणातले आणि मार्गशीर्षातले कार्ड शेजारी ठेवून बघण्यासारखे असते.

छापणारे कोण

कार्डाच्या कडेला किंवा मागे बारीक अक्षरात छापणाऱ्याचे नाव असते. भिंग नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावे.

मुंबईची क्लिफ्टन अँड कंपनी ही फोटोग्राफर मंडळी त्यातली फार मोठी. राजाबाई टॉवर, अपोलो बंदर, भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट असे विषय त्यांनी भरपूर काढले. मुंबईचीच फोटोटाइप कंपनी हे दुसरे नाव. लंडनच्या राफाएल टक अँड सन्स यांची कार्डे तैलचित्रासारखी रंगीत, 'ऑइलेट' या नावाची. ती दिसायला सुरेख, पण खूप छापली गेल्यामुळे फार दुर्मीळ नव्हेत. या कंपनीची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली आणि तिचे जुने दप्तर त्यात गेले.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवदेवतांची मोठी चित्रे सगळ्यांना माहीत, पण या छापखान्याची पोस्टकार्डेही होती. आपल्याकडे ती देवघरात काच लावून फ्रेम केलेली सापडतात. तसली फ्रेम उघडताना घाई करू नये, कारण कार्ड खळीने पुठ्ठ्याला चिकटवलेले असते आणि ओढले की मागची बाजू सोलून निघते.

कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांनीही पोस्टकार्डांसाठी चित्रे केली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, बायका, त्यांचे नखरे, साहेबाची फजिती असे विषय. धुरंधरांची सही असलेली कार्डे संग्राहक आवडीने शोधतात. सही चित्राच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत असते.

आपल्याला जवळचे म्हणजे बेळगावचे एस. महादेव अँड सन. बेळगावात छावणी होती, गोरे सैनिक होते, त्यांना घरी पाठवायला कार्डे लागत. महादेव यांची कार्डे आज बाहेरच्या बाजारात दिसतात ती त्यामुळेच. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल आंबोली घाटातून वेंगुर्ला बंदरात उतरायचा, तेव्हा बेळगाव आणि आपला जिल्हा तसा एका वाटेवरचा. दक्षिणेला गोव्यात सौझा अँड पॉल यांनी छापलेली कार्डे. गोव्याच्या कार्डावर मजकूर पोर्तुगीजमध्ये असतो आणि पणजीचे नाव 'नोव्हा गोवा' असे येते. ते वाचून नवे कुठले तरी गाव समजू नये.

रत्नागिरीबद्दल एक गंमत. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ पर्यंत, मरेपर्यंत, रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याची आणि सुपयालत राणीची चित्रे असलेली कार्डे विकली जात, पण ती ब्रह्मदेशची कार्डे म्हणून. रंगूनहून आलेल्या गठ्ठ्यात तसले कार्ड निघाले तर बाजूला काढून ठेवा.

आणि एक सावधगिरी. जुन्या कार्डांवर कोळीण, भंडारी, साधू, हमाल, पाणकी अशी माणसे दाखवून खाली 'नेटिव' असे काही तरी लिहिलेले असते. त्या माणसांची नावे कोणी विचारली नाहीत. कित्येकदा जात चुकीची, गाव चुकीचे. एका गावचा फोटो दुसऱ्या गावच्या नावावर खपवल्याचेही प्रकार झाले. त्यामुळे खाली छापलेले नाव हा पुरावा नव्हे. आपल्या भागातला किल्ला, देऊळ, बंदर असे काही दिसले तर डोळ्यांनी ताडून बघावे. ते काम मुंबईच्या संग्राहकापेक्षा इथल्या माणसाला चांगले जमेल.

किती जुने ते ओळखायची खूण

पहिली खूण मागच्या बाजूची. सुरुवातीच्या कार्डांवर मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकूर चित्राच्या बाजूला, उरलेल्या पांढऱ्या जागेत लिहावा लागे. १९०२ साली ब्रिटनने मागच्या बाजूला मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी सोय केली. पुढच्या चार-पाच वर्षांत ती सगळीकडे रुळली. तेव्हा मागे रेघ नसलेले कार्ड साधारण १९०६-०७ च्या आधी छापलेले. लिहिले मात्र नंतर असू शकते, कारण जुना साठा दुकानात पडून असायचा.

दुसरी खूण तिकीट. एडवर्ड सातवा (दाढी, डोक्याला टक्कल) १९०२ पासून, पंचम जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज (दाढी नाही) १९३७ पासून. 'जय हिंद' लिहिलेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे. देशांतर्गत कार्डाचा दर १९२२ साली पाव आण्यावरून अर्धा आणा झाला. 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे.

पंचम जॉर्जच्या तिकिटावर काळ्या शाईत आय, ई, एफ अशी तीन इंग्रजी अक्षरे वरून छापलेली असली तर हात तिथेच थांबवा. ते इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेचे तिकीट. काही फौजी कार्डांवर तिकीटच नसते, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आणि सेन्सॉरचा शिक्का असतो. तिकीट नाही म्हणून फालतू समजून टाकून दिलेली अशी कार्डे किती असतील, कोण जाणे.

तिसरी खूण पत्त्याची, आणि ही आपल्या लोकांना सर्वात सोपी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पत्त्यात कणकवली किंवा मालवणपुढे 'जि. रत्नागिरी' असेल तर कार्ड सहसा त्याच्या आधीचे. 'संस्थान सावंतवाडी' असेल तर १९४८ च्या आधीचे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळ कोकणातलेच. ४१६ ने सुरू होणारा आकडा दिसला की कार्ड फार जुने नाही हे पक्के.

चौथी खूण मजकुरातली मिती. जुनी माणसे इसवी सन न लिहिता शके लिहीत. शकात ७८ मिळवा. शके १८३४ म्हणजे १९१२. महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदललेले असते. पौषाला दोन्ही लागू शकते, तिथे पोस्टाचा शिक्का बघावा. अक्षर मोडी असेल तर वाचता येत नाही म्हणून निराश होऊ नये. मोडी वाचणारे आजही आहेत, आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत मोडीचे वर्गही होतात.

अस्सल की नंतरची नक्कल

जुन्या कार्डांच्या नकला हल्ली भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात. त्या फसवायलाच छापलेल्या असतात असे नाही, पण दहा हातांतून गेल्यावर कोणी तरी जुने म्हणून विकतोच.

भिंगाखाली किंवा मोबाईल जवळ धरून बघावे. खरा फोटो असेल तर ठिपके दिसत नाहीत, छटा एकसंध असते, आणि गडद भागावर तिरप्या उजेडात चंदेरी झाक चमकते. ती झाक वयाची खूण आहे. पुसायला जाऊ नये. जुन्या कोलोटाइप छपाईतही ठिपक्यांच्या रांगा नसतात, नुसता बारीक वेडावाकडा कणा दिसतो. सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर हाफटोन, आणि तोही जुना असू शकतो. पण चार रंगांचे ठिपके फुलासारखे एकमेकांत गुंफलेले दिसले, कागद पांढराशुभ्र आणि चित्र मात्र १९०५ चे, तर शंका घ्यावी.

आणखी सोपी परीक्षा दुकानातल्या नोटा तपासायच्या निळ्या दिव्याची. कागदाला चकाकी आणणारी रसायने साधारण १९५० नंतर वापरात आली. त्या दिव्याखाली कार्ड निळे-पांढरे लख्ख उजळले तर ते त्यानंतरचे. जुना कागद मंद, पिवळट राहतो. 'प्रिंटेड इन जर्मनी', 'सॅक्सनी' असे मागे छापलेले असेल तर बहुधा १९१४ च्या आधीचे, कारण तेव्हा उत्तम रंगीत छपाई जर्मनीत होई आणि युद्ध लागताच ती बंद झाली.

प्रत कशी ठरवतात

बाजारात इंग्रजी नावेच चालतात. मिंट म्हणजे छापखान्यातून आत्ता आल्यासारखे. मग निअर मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. यात गंमत अशी की 'गुड' म्हणजे चांगले नव्हे. कोपरे झिजलेले, घडी दिसणारी, डागाळलेली, तरी चित्र शाबूत, असल्या कार्डाला गुड म्हणतात. ऑनलाइन जाहिरातीत 'गुड कंडिशन' वाचून मागवणारा नवखा त्यामुळेच फसतो. आपण विकत घेणार असू तर व्हेरी गुडच्या खाली शक्यतो उतरू नये. अपवाद पुढे सांगितला आहे.

बघायचे काय? आधी चार कोपरे. ते टोकदार की गोलसर, की दबलेले. मग कडा. कोणी फ्रेमच्या मापाला कातरल्या आहेत का? कातरलेले कार्ड कितीही स्वच्छ असले तरी खालच्या प्रतीत जाते, म्हणून माप घेणे कधी सोडू नये. मग कार्ड खिडकीशी तिरपे धरून घडी बघावी. पुढून न दिसणारी घडी अशी धरली की दिसते. चित्राच्या बाजूची शाई, शिक्का, चिकटपट्टीचा पिवळा पट्टा, अल्बमच्या कोपऱ्यांचे ठसे, सगळे नोंदवावे. वापरलेले, पोस्टातून गेलेले कार्ड मिंट कधीच नसते. पण वापरलेले म्हणजे हलके असेही नाही.

पुस्तकांत न सापडणाऱ्या काही खोडी आपल्या भागातल्या कार्डांना असतात.

एक, मधले भोक. पूर्वी आलेली पत्रे लोखंडी तारेच्या आकड्यात ओवून पडवीत टांगायची पद्धत होती. त्या भोकाभोवती गंजाचे तांबडे वर्तुळ असते. बाहेरचा संग्राहक त्याला सरळ खालची प्रत देतो. नियमाने ते बरोबरच आहे. पण ते भोक म्हणजे कार्ड खरोखर एखाद्या घरात नांदल्याची खूण, आणि ते बुजवायचा खटाटोप करू नये.

दोन, फाटलेला कोपरा. मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवीत, आणि वाचल्यावर असे कार्ड घरात ठेवत नसत, फाडून टाकत. त्यामुळे कोपरा मुद्दाम फाडलेले कार्ड टिकलेले सहसा दिसत नाही. दिसले तर आधी मजकूर वाचावा, मगच 'खराब' म्हणावे. कोपऱ्याला हळद-कुंकवाचे बोट असेल तर लग्नाची किंवा तसल्याच शुभकार्याची खबर.

तीन, आपली हवा. बुरशीचे तपकिरी ठिपके, कसरीने कुरतडलेली वरची चकाकी, वाळवीने कडेने खाल्लेले. कसर चित्राच्या बाजूची खळ खाते, म्हणून चित्र ओरखडल्यासारखे दिसते. कोकणातले शंभर वर्षांचे कार्ड एक्सलंट प्रतीचे निघाले तर आनंदाआधी जरा संशय घ्यावा.

चार, आणि हे नुकसान माणसाने केलेले : तिकीट उपटलेले. शाळेत असताना तिकिटे जमवायचा नाद अनेकांना होता, घरोघरच्या कार्डांची तिकिटे अशीच गेली. तिकीट गेले की अर्धा शिक्का जातो, शिक्क्याबरोबर तारीख आणि गाव जाते. तिकीट कार्डावर असतानाच त्याला मोल आहे.

आता तो अपवाद. प्रत आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनसचे कार्ड निअर मिंट असले तरी तसली पुष्कळ आहेत. पण एखाद्या लहान बंदराचे, तालुक्याच्या बाजारपेठेचे किंवा आगबोटीच्या धक्क्याचे खऱ्या फोटोचे कार्ड भोक पडलेले, डागाळलेले असले तरी संग्राहक ते घेतो, कारण दुसरे मिळण्याची खात्री नाही. फोटो स्टुडिओत काढलेला घरच्या माणसांचा फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून घ्यायची रीत होती. मागे 'पोस्ट कार्ड' छापलेले असते आणि पुढे आजी-आजोबा. बाजारात त्याला भाव नाही. घरात त्याला तोड नाही. उलट १९६० नंतरची सिनेनट्यांची, दिवाळी शुभेच्छांची, पर्यटनाची रंगीत कार्डे अजून स्वस्त आहेत, आणि नव्याने छंद लागलेल्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

हाताळणी

हात धुऊन, कोरडे करून, कार्ड कडेला धरावे. धूळ मऊ ब्रशने झाडावी. ओले फडके, खोडरबर, ब्लीच, काही नको. लॅमिनेशन तर कधीच नाही, कारण ते परत निघत नाही आणि लॅमिनेट केलेल्या कार्डाला संग्राहक हात लावत नाही. चिकटपट्टीही नको. ओलीने एकमेकांना चिकटलेली कार्डे सुरीने सोडवायला जाऊ नये, तसाच गठ्ठा कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावा.

ठेवायला स्वच्छ, न गंजलेला डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा मातीच्या भिंतीपासून व जमिनीपासून वर. प्लॅस्टिकचे पाकीट वापरायचे तर आधी वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी, ते नको. कार्डाला चिकटून खराब करते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट चालते. चिकट पानांचा फोटो अल्बम हा कार्डाचा शत्रूच. आणि पावसाळ्यात, दमट हवेत, झिप लावून हवाबंद करू नये, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. नवरात्र उलटून हवा कोरडी पडली की डबा उघडून कार्डे सावलीत वारा देऊन घ्यावीत. उन्हात नाही.

खूण करायची तर मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने बारीक आकडा, बाकी नोंद वहीत. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावेत. शेजारी मोजपट्टी ठेवली तर मापही कळते.

विकायचे असेल तर

मोबाईलवर 'जुनी नाणी, नोटा, कार्डे लाखात' अशा जाहिराती फिरतात. रीत ठरलेली. आधी फोटो मागतात, भरमसाट भाव सांगतात, मग नोंदणी फी, कमिशन, जीएसटी म्हणून थोडे थोडे पैसे मागत राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही पाठवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक नाही, ती कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. कार्डांच्या नावाखाली चालते तीही तीच युक्ती. विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधी पैसे द्यायचे, असा धंदा जगात नाही. फसगत झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

भाव बघताना कोणी किती मागितले ते बघू नये, किती रुपयांना खरोखर विकले गेले ते बघावे. लिलावाच्या साइटवर विकलेल्या मालाची यादी वेगळी मिळते. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथे अशी कार्डे येतात, तिथे एकदा नुसते फिरून आले तरी अंदाज येतो. टपाल खात्याच्या 'महापेक्स'सारख्या तिकीट प्रदर्शनांत जाणकार संग्राहक भेटतात. गठ्ठा एकदम भंगारवाल्याला किंवा दारात आलेल्या माणसाला देऊ नये. दारात येणारा बरोबर एकच कार्ड निवडून घेतो आणि बाकीचे 'ठेवा तुम्हालाच' म्हणतो, तेव्हा त्याने नेलेले कार्ड कोणते होते ते नंतर कळते.

परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर कायदा बघावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू आणि ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांवरचे दस्तऐवज येतात, आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. प्रत्येक कार्ड त्यात बसेलच असे नाही. पण फौजी पत्रे, संस्थानची कागदपत्रे असतील तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. देशात पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, स्पीड पोस्टाने, पावती जपून.

आणि विकण्याआधी मजकूर उतरवून घ्यावा. 'सा. न. वि. वि.' पासून खालच्या सहीपर्यंत, जसा आहे तसा. कोण कुठल्या गिरणीत होता, कोणत्या चाळीत राहायचा, पैसे कोणाच्या हाती पाठवले, गाय व्याली का म्हणून कोण विचारत होता, हे सगळे त्या चार ओळींत असते. त्यात आलेली नावे ओळखणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. चतुर्थीला घर भरलेले असते, मुंबईची मंडळीही आलेली असतात. आरती झाल्यावर पेटी पडवीत आणावी, एकेक कार्ड मोठ्याने वाचावे आणि आजी काय सांगते ते मोबाईलवर रेकॉर्ड करावे.